शून्याची पावती

विधानसभेची निवडणूक लागली की माझ्या टपरीवरचं दूध दुपारच्या आतच संपतं. भंडाऱ्यात सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझी चहाची टपरी आहे, नवरा ऑटो चालवतो, आणि आम्हा दोघांचं आयुष्य दुसऱ्यांच्या गप्पा ऐकण्यात गेलं. कोणता उमेदवार काय माफ करणार, कोण काय फुकट वाटणार, कोणाच्या राज्यात काय महाग होणार, हे मला पेपरच्या आधी कळतं. कळून उपयोग काय, ते विचारू नका. ऐकून ऐकून माझा स्वभाव कडू झाला, असं नवरा म्हणतो. मी म्हणते, झाला नाही, पहिल्यापासूनच होता, तुम्हालाच उशिरा कळला.

पण मी सांगणार आहे ते माझ्या बहिणीचं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई धानाच्या रोवण्याला जायची तेव्हा मला तिनंच कडेवर वागवलं. आम्ही ढिवर, नदीतली आणि तलावातली मासोळी धरून पोट भरणारी माणसं. बाईला दिली ती वैनगंगेच्या काठावरच्या गावात. तेव्हा लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं, दारातच नदी आहे. गोसीखुर्दचं धरण झालं आणि नदी खरोखरच दारात आली.

धरण तिच्या गावापासून चांगलं दूर आहे. पण पावसाळा सरता सरता दरवाजे बंद केले की पाणी मागे सरकत सरकत गावाला लागतं. गावात तीन ओळी. वरच्या दोन ओळी उंचावर, आणि खालची ओळ नदीच्या बाजूला, तिथे बाईचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर. पहिल्या मोजणीत सरकारनं जी रेघ मारली ती खालच्या ओळीच्या सांदवाडीतून गेली. म्हणजे घरामागची वाडी बुडणार, घर मात्र बुडणार नाही, असं कागद म्हणत होता. पाण्यानं तो कागद वाचला नव्हता. दर कार्तिकात बाईच्या मागच्या भिंतीला ओल चढायची, पाण्यावरची इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, सडल्याचा वास घरभर भरायचा, आणि चुलीजवळ कधी विंचू तर कधी साप निघायचा. बाईला एकच पाहिजे होतं. आज ना उद्या गाव उठणार, नवीन गावठाण आखून तयार होतं, रस्ते होते, नळ होते, माणसंच नव्हती. तिथे एक प्लॉट. जिथे भिंत कोरडी राहील अशी जागा. यापलीकडे तिनं आयुष्यात सरकारकडे काही मागितलं नाही.

आता घरटॅक्सचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. खालच्या ओळीत कोणाकडेच घराची रजिस्ट्री नाही. सासऱ्यानं बांधलं, मुलगा राहिला, एवढाच हक्क. ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सची पावती हाच काय तो पुरावा. शेजारचं गाव उठलं तेव्हा ज्याच्याकडे पावती होती त्याला प्लॉट मिळाला. ज्यानं टॅक्स थकवला होता तो अजून भावाच्या परसात ताडपत्री लावून राहतो. ते पाहिल्यापासून भाटवा, म्हणजे बाईचा नवरा, नवीन वर्षाचा टॅक्स सगळ्यात आधी भरायचा. घरात तेल नसलं तरी चालेल, पण आधी टॅक्स. पावती आणली की प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवायचा आणि आम्हाला सांगायचा, पाणी घर नेईल, पावती नाही नेणार. माणूस मोठा हौशी होता. पंचाहत्तरी भरली आणि एसटीत फुकट प्रवास सुरू झाला, तेव्हा त्याचं शून्याचं तिकीट त्यानं अख्ख्या टोलीला, म्हणजे ढिवरांच्या वस्तीला, दाखवलं होतं. शेवटच्या आजारपणात भंडाऱ्याला दवाखान्यात यायचा तेव्हाही माझ्या टपरीवर बसून आधी तिकीट काढून दाखवायचा. मी म्हणायची, भाऊजी, रोज तेच काय दाखवता? तो नुसता हसायचा. मागच्या विधानसभेच्या आधीच तो गेला.

निवडणूक लागली तशी आजूबाजूच्या गावांत बहिष्काराची भाषा सुरू झाली. बाईच्या गावानं दुसरं ठरवलं. त्यांच्याकडे मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, मासोळीचा ठेका द्यायची एक रीत आहे. जो ठेका मागायला येईल त्याला एकाच घोंगडीवर बसवायचं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, त्याच्यासमोर हो किंवा नाही म्हणायचं नाही. सगळे येऊन गेले की टोलीतली सगळ्यात म्हातारी बाईमाणूस आधी बोलणार, कारण मासोळी बाजारात नेऊन विकतात त्या बायाच, आणि माणूस ओळखायचं काम त्यांचं. ती बोलली की बहुतेक गाव तिच्याच मागे जातं. तर या वेळी घोंगडीवर उमेदवारांना बसवायचं ठरलं. आणि टोलीत आता सगळ्यात म्हातारी होती माझी बाई.

तिनं निरोप पाठवला, लहाने, तू ये, तू रोज या लोकांचं ऐकतेस. मी टपरी नवऱ्याच्या गळ्यात घातली आणि त्या आठवड्यात बाईकडे जाऊन राहिले. त्याचा चहा लोकांनी कसा प्यायला देव जाणे.

प्रश्न तीनच होते. टॅक्सचं काय करणार. धरणाच्या पाण्यातली मासोळी धरायचा हक्क कोणाला देणार. गाव कधी उठवणार.

पहिला आला तो तेव्हाचा आमदार. मोठं शरीर, घोंगडीवर बसताना दोघांनी धरलं, पण बसला. चहा दिला, प्यायला. आणखी मागितला. मासोळीचा हक्क ढिवरांच्या सोसायटीला देऊ म्हणाला. गाव उठवायचा प्रस्ताव वर गेला आहे, म्हणाला. तो प्रस्ताव त्याच्या पहिल्या निवडणुकीपासून वरच जात होता. टॅक्सचं विचारल्यावर मात्र त्यानं कप खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणलं. खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येत नाही. ज्याच्या घरात नदी शिरते त्याच्याकडून सरकारनं घरटॅक्स घ्यायचा, ही लाजेची गोष्ट आहे, म्हणाला. निवडून आलो की खालच्या ओळीचा घरटॅक्स आणि पाणीपट्टी कायमची माफ. एका म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, मग पावतीचं कसं?

"पावती भेटन ना," आमदार म्हणाला. "शून्याची पावती देऊ. हक्काची."

दुसरा आला राईस मिलवाला. त्याच्यासोबत गाड्याच जास्त होत्या. तो टॅक्सवर बोलायला लागला तो थेट दिल्लीत पोचला. जाळ्यावरचा जीएसटी काढतो, डोंग्यावरचा काढतो, खतावरचा काढतो. अरे बापा, जीएसटी काय तुझ्या मिलमधला कोंडा आहे का, मनात आलं की बाहेर काढून टाकायला? माझ्या टपरीवर येणारा शेंबडा कारकूनही सांगेल की ते आमदाराच्या हातात नसतं. पण समोर बोलायचं नाही, ही रीत. मी दातांवर दात धरून बसले. मासोळीचा हक्क लिलावानं देऊ म्हणाला, म्हणजे जो पैसेवाला त्याला. गाव लगेच उठवतो म्हणाला. जाताना मंदिराला टाइल्स देण्याचं कबूल करून गेला.

तिसरा वकील. अपक्ष. भंडाऱ्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करायचा, माझ्या टपरीसमोरून रोज जायचा, कधी थांबायचा नाही. तो मोटरसायकलवर एकटाच आला. घोंगडीवर बसायच्या आधी त्यानं खिशातून रुमाल काढून अंथरला. बस, तिथेच तो हरला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. चहा पुढे केला तर हात आडवा केला, म्हणाला ॲसिडिटी आहे. बोलला मात्र मुद्द्याचं. मासोळीचा हक्क काठावरच्या लोकांनाच पाहिजे, त्यासाठी भांडू. गाव उठायला वेळ लागेल, तारीख मी सांगत नाही, सांगेल तो खोटं बोलतो. आणि टॅक्सचं विचारल्यावर तो घड्याळाकडे पाहत म्हणाला:

"माफी मागू नका. टॅक्स भरा आणि पावती घ्या. माफ झाला की तुमचं घर कागदावरून जाते. शून्याची पावती मी तं कुठं पाहिली नाई."

तो गेल्यावर जो गलका झाला! एक म्हणाली, याचं घर भंडाऱ्यात स्लॅबचं, याला काय जातं टॅक्स भरा म्हणायला. दुसरी म्हणाली, आमच्या घोंगडीला कुठले किडे लागले होते? रुमालाचा राग इतका होता की त्याच्या शब्दांकडे कोणी पाहिलंच नाही. मला पण राग आला होता, कायले खोटं बोलू.

तरी सांजच्याला भात टाकता टाकता मी बाईला म्हटलं, माणूस शिष्ट आहे, पण बोलला ते एकदा विचारून घे कोणाला तरी. बाई चुलीत काडी सारत म्हणाली, तू च्या विकतेस, दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून तुला सगळेच चोर दिसतात. आमदारानं च्या पिला, दोनदा पिला. ज्याला आपल्या हातचा च्या चालत नाही तो आपलं काय भलं करणार? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला पटलं नसतं. मी ताट घेतलं.

सकाळी टोली जमली. बाई उभी राहिली. आधी ती घोंगडीवरून हात फिरवून बोलली, तशी रीत आहे. मिलवाल्याला तिनं दोन वाक्यांत निकालात काढलं. लिलाव म्हणजे आपल्या पाण्यात दुसऱ्याचं जाळं, म्हणाली. वकिलावर तर ती बोललीच नाही. मग म्हणाली:

"आमच्या माणसाले एसटीत शून्याचं तिकीट भेटे. एक रुपया देत नव्हता, तरी तिकीट हातात अन् सीट आपली. चेकर आला तं त्यालेही मान्य. ही पावती तशीच समजा. सरकारचा शून्य म्हणजे काईच नाई, असं नसते."

मला सांगा, यात चूक कुठे काढायची? तिनं जे पाहिलं होतं त्यावरून ती बोलली. सरकार एकच, असं ती धरून चालली होती. एसटी सरकारची, ग्रामपंचायत सरकारची, मग एकाचा शून्य दुसऱ्याला कसा नाही चालणार? खालच्या ओळीतल्या सगळ्यांनी भाटव्याचं तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माना हलल्या. खालची ओळ एका बाजूनं गेली आणि तिच्या मागे बाकीची टोलीही गेली.

आमदार पुन्हा निवडून आला. वकिलाचं डिपॉझिट गेलं. आणि पहा, आमदारानं शब्द पाळला. सगळी वाईट गोष्ट इथेच आहे. त्यानं टांग मारली असती तर बाई वाचली असती. पण त्यानं खरंच पाठपुरावा केला, ग्रामसभेत ठराव झाला, खालच्या ओळीचा घरटॅक्स माफ. पेढे वाटले. बाईनं त्यातला एक कागदात गुंडाळून माझ्यासाठी पाठवला आणि मी तो खाल्ला.

नवीन वर्ष लागलं तशी बाई पावती आणायला ग्रामपंचायतीत गेली. भाटवा जायचा तसंच, धुतलेलं लुगडं नेसून. कॉम्प्युटरवर ग्रामसेवकानं तिचं नाव काढलं, रकमेच्या जागी शून्य टाकलं, आणि मशीन काही पुढे जाईना. रक्कम टाका, म्हणे. त्यानं दोनदा करून पाहिलं. मग तो हसून म्हणाला, मावशी, भरायचंच नाही तर पावती कायची? बाई म्हणाली, मग हातानं लिहून दे. तर हातची पुस्तकं बंद झाली होती, सगळं ऑनलाइन. काही काळजी करू नका, ठराव आहे ना, असं त्यानं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. एसटीचं मशीन शून्याचं तिकीट काढतं आणि ग्रामपंचायतीचं कॉम्प्युटर शून्याची पावती काढत नाही, एवढीच गोष्ट होती, आणि ती त्या दिवशी बाईला कळली. तिनं मला फोन केला.

मी आमदाराच्या ऑफिसात गेले. एक नाही, कितीतरी चकरा मारल्या. त्याचा माणूस दर वेळी म्हणायचा, साहेबांच्या कानावर घालतो. त्या कानात काय काय साचलं असेल!

पावसाळ्याच्या आधी नवीन मोजणी आली. रेघ सरकली, अख्खं गाव उठणार असं ठरलं. लोकांनी फटाके फोडले. झाडाखाली टेबल लागलं आणि मोजणीचा साहेब चालू वर्षाची पावती पाहून एकेका घराचं नाव घेऊ लागला. वरच्या ओळी भराभर झाल्या. त्यांचा टॅक्स माफ नव्हता, ते बिचारे कुरकुरत भरत होते, त्यांच्या हातात ताज्या पावत्या. खालच्या ओळीची पाळी आली तर कोणाच्याच हातात काही नाही. बाईनं पेटीच आणली होती. भाटव्यानं जपलेल्या सगळ्या पावत्या तिनं टेबलावर मांडल्या. साहेबानं त्या हातात घेऊन नीट पाहिल्या, मला ते दिसलं, मी तिथे होते. मग म्हणाला, आजी, या जुन्या. घर तेव्हा होतं हे यावरून कळतं, आता आहे हे कळत नाही. ज्या घरावर कर नाही ते वस्तीत नाही, असं धरायचे आदेश आहेत. ठरावाची नक्कल दाखवली, तर त्यात खालची ओळ एवढंच लिहिलेलं, कोणाचं नाव नाही. त्या ओळीतले काही आधीच मुलांकडे राहायला गेले होते, त्यांची घरं बंद होती. साहेबाला वाटलं, प्लॉटसाठी लोक खोटी घरं दाखवतात. मी तावातावानं म्हटलं, साहेब, समोर घर दिसून राहिलं आहे, चुलीतून धूर निघून राहिला आहे. तो म्हणाला, धुराचा कॉलम नाही. चेष्टेनं नाही म्हणाला, खरंच सांगत होता.

यादी लागली. खालची ओळ सोडून सगळं गाव यादीत होतं. ज्यांच्या घरात कधी पाणी शिरलं नाही त्यांना प्लॉट, आणि जे पाण्यात होते ते नाहीत.

मी वकिलाकडे गेले. दारात उभी राहिले तोच तो म्हणाला, मी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! मी म्हटलं, सांगितलं होतंत ना, मग जरा बसून, दोन घोट चहा पिऊन सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? अपील मात्र त्यानं केलं, फी पण घेतली नाही. तारखा पडत आहेत. आता तो माझ्या टपरीवर थांबून चहा पितो. ॲसिडिटीचं काय झालं, मी विचारलं नाही.

बाईला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजाराच्या दिवशी खालच्या ओळीच्या बाया मासोळीची टोपली घेऊन एकाच ऑटोत बसून जायच्या, आणि बाई म्हातारी म्हणून तिची जागा धरून ठेवायच्या. ती जागा धरणं बंद झालं. ऑटो तिच्या दारासमोरूनच जायचा. ती टोपलं घेऊन उभी राहायची आणि मग आत जायची. एकदा मी शेजारणीला खडसावून विचारलं, काहून अशा वागता? तर ती म्हणाली, आमी काई म्हणत नाई, पण आमी तिच्या बोलण्यावर गेलो ना. त्या शेजारणीचा नातू आठवडाभर तापानं फणफणत होता, मागची भिंत हिरवी झाली होती.

दिवाळीआधी वरच्या ओळी उठायला लागल्या. लोकांनी आपापली कवेलू उतरवली, दारं-चौकटी काढल्या, ट्रॅक्टरवर घातल्या. घरं एकेक करून नुसत्या भिंतींची झाली. मी त्या दिवसांत बाईकडे गेले होते तेव्हा ती मला म्हणाली, चल, ग्रामपंचायतीत जाऊ. मला वाटलं, काही दाखला पाहिजे असेल. ऑफिसातही सामान बांधणं चालू होतं. बाई ग्रामसेवकाच्या टेबलासमोर खाली बसली, खुर्चीवर नाही, पदराची गाठ सोडली, आणि नोटा टेबलाच्या कडेला ठेवल्या.

"मले टॅक्स लाव, बापू," ती म्हणाली. "जितका लावाचा तितका लाव. मांगचाही घे. वरच्या लोकायच्या दुपटीनं लाव. पण मले लाव."

मी पुष्कळ लोकांना सरकारी टेबलासमोर हात जोडताना पाहिलं आहे. कोणी टॅक्स कमी करा म्हणतं, कोणी हप्ते पाडून द्या म्हणतं. माझ्यावर टॅक्स बसवा म्हणून हात जोडणारी मी एकच पाहिली, आणि ती माझी बहीण. मला तिथे रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. ग्रामसेवकानं नोटा हळूच तिच्याकडे सरकवल्या. म्हणाला, मावशी, माफी रद्द करायची तर ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ग्रामसभेला माणसं लागतात. माणसं तर उठून जाऊन राहिली. आता सभेला गणपूर्तीच होणार नाही.

बाईनं नोटा पुन्हा पदरात बांधल्या. घराच्या वाटेवर ती थांबली. म्हणाली, थो वकील शिष्ट होता, पण खोटा नव्हता.

कार्तिकात पाणी आलं. या वेळी वर गाव नव्हतं. वरच्या लोकांसोबत विजेची डीपी पण उचलून नेली होती, आणि पाणी मागच्या भिंतीतून आत आलं. भिंत एका बाजूला बसली. खालच्या ओळीतले जे उरले होते ते कोणी शाळेच्या रिकाम्या खोलीत, कोणी नातेवाइकांकडे गेले. बाई खाटेवर पेटी ठेवून, पेटीच्या शेजारी बसून होती. मी गेले तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी. मी तिच्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. पेटी उचलणं झालं नाही तेव्हा तिनं आतली प्लास्टिकची पिशवी तेवढी घेतली.

मोठ्या रस्त्यावर येऊन आम्ही भंडाऱ्याची एसटी पकडली. गर्दी नव्हती, आम्हाला बसायला जागा मिळाली. याच वर्षी बाईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. कंडक्टर आला, त्यानं तिचा चेहरा पाहून आपणहूनच आधार कार्ड मागितलं, पाहिलं, आणि मशीनमधून तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. शून्याचं. भाटवा आयुष्याच्या शेवटी ज्याच्यावर एवढा खूश होता, तेच.

बाई त्या तिकिटाकडे पाहत राहिली. मग तिनं ते कंडक्टरला परत दिलं आणि पदराची गाठ सोडायला लागली. तो म्हणाला, आजी, तुम्हाला फुकट आहे, पैसे नाही लागत.

"फुकट नोको," बाई म्हणाली. "पुरं तिकीट दे. मी बसली आहो म्हणून कुठंतरी लागलं पायजे."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का, असं त्याला विचारायचं होतं. मी त्याला म्हटलं, द्या. त्यानं पुरं तिकीट काढलं, तिच्याकडून पैसे घेतले आणि पुढे गेला. बाईनं तिकीट भाटव्याच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी मांडीवर घेतली.